३६६ रात्री: आईबाबा वेगळे राहतात तेव्हा मूल कोणाच्या टॅक्स रिटर्नवर?

२०२५च्या मार्चमधल्या एका शनिवारी माझा एक घटस्फोटित क्लायंट ऑफिसात आला तो हातातला फोन माझ्यापुढे धरतच. स्वतः सॉफ्टवेअरवर भरलेलं २०२४चं फेडरल रिटर्न आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, स्वीकारलं नव्हतं. कारण एका ओळीचं: डिपेंडंट (करदात्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दिलेला सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर आलेला आहे. नंबर त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचा होता. दुसरं रिटर्न कोणाचं हे आयआरएस कधीच सांगत नाही, पण इथे सांगायची गरज नव्हती.

"ताई, करारात स्वच्छ लिहिलंय. सम वर्षी मी, विषम वर्षी ती. २०२४ सम आहे ना? मग तिने क्लेम केलंच कसं?"

मी न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत टॅक्सचं काम करते, एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसची मान्यता असलेली करसल्लागार, आहे. आपल्या लोकांत घटस्फोट झाला की पहिली दोन वर्षं वकिलांत जातात आणि मग कधीतरी मार्चमध्ये हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. हे प्रकरण मी दोघांच्या लेखी परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघांना मी लग्न टिकून होतं तेव्हापासून ओळखते. त्यांचं एकत्र रिटर्न मीच भरायचे. २०२३मध्ये न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टातून घटस्फोट झाला. सेटलमेंट ॲग्रीमेंटमध्ये मुलीचा ताबा दोघांकडे ठेवला: एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे, अदलाबदल सोमवारी शाळा सुटल्यावर. शाळा आईच्या गावातली, म्हणून कागदोपत्री आई "पॅरेंट ऑफ प्रायमरी रेसिडेन्स". बाबा चाइल्ड सपोर्ट देतात, मुलीचा आरोग्यविमा त्यांच्या कंपनीतून आहे. २०२४मध्ये त्यांचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १,४२,००० डॉलर होतं, आईचं ५८,०००. घटस्फोटानंतर मी एकाचंच काम घेऊ शकत होते. मी आईला तेव्हाच दुसऱ्या टॅक्सवाल्याकडे पाठवलं होतं. तिला ते लागलं होतं, हे मला माहीत आहे.

तर त्याचं म्हणणं असं: ॲग्रीमेंटचं पान जोडून कागदी रिटर्न पाठवू. कोर्टाचा शिक्का आहे, आयआरएसला मानावंच लागेल.

मानावं लागत नाही. घटस्फोटाचा निकाल २००८नंतरचा असेल तर त्याचं पान फॉर्म ८३३२च्या (एका पालकाने मुलामागची करसवलत दुसऱ्याला सोडल्याचा फॉर्म) जागी चालत नाही. त्याआधीच्या काही निकालांची पानं चालायची, पण त्यातही हक्क सोडणं बिनशर्त असावं लागे. यांच्या ॲग्रीमेंटमध्ये "३१ डिसेंबरपर्यंत चाइल्ड सपोर्टची थकबाकी नसेल तर" अशी अट होती. थकबाकी किती आणि कोणाची, हे तपासणं आयआरएसचं काम नाही. त्यांना एक सही हवी असते, आणि ती कस्टोडियल पालकाची. ॲग्रीमेंट हे दोघांनी एकमेकांना दिलेलं वचन आहे. ते मोडलं तर दाद फॅमिली कोर्टात मागायची.

मग कस्टोडियल पालक कोण? इथे त्याने लगेच उत्तर दिलं: "खर्च कोण करतं ते बघा ना."

ही आपल्याकडची समज आहे आणि ती चुकीच्या जागेवरून आलेली नाही. भारतात प्राप्तिकर कायद्यानुसार अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, आणि लग्न टिकून नसेल तर त्या वर्षी जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्यात. सांभाळ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे फी, कपडे, दवाखाना येतो. अमेरिकेचा कायदा या प्रश्नात पैशाकडे बघतच नाही. मुलाने स्वतःच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा स्वतः उचललेला नसावा, एवढंच तो विचारतो, आणि नऊ वर्षांच्या पोरीने तो उचललेला नसतोच. चाइल्ड सपोर्ट किती दिला, विमा कोणाचा, पियानोची फी कोणी भरली, यातलं काहीही कस्टोडियल पालक ठरवत नाही. "प्रायमरी रेसिडेन्स" हा कोर्टाचा शब्दही ठरवत नाही.

मूल वर्षभरात जास्त रात्री ज्याच्याकडे झोपलं, तो कस्टोडियल पालक. नियम एवढाच आहे. घटस्फोट झालेल्यांना, कोर्टाने विभक्त केलेल्यांना, आणि लग्न कागदावर असून किंवा कधी झालंच नसून वर्षाचे शेवटचे सहा महिने वेगळे राहिलेल्यांनाही तोच.

मी कपाटातून २०२४चं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि दोन रंगांची पेनं. त्याला म्हटलं, बस. तुझ्या डोक्यातला आकडा सांग आधी.

"दोनशे सहा."

त्याच्याकडून परवानगी घेऊन मी आईच्या टॅक्सवाल्याला फोन केला. त्यांनी तिला विचारून सांगितलं: एकशे चौऱ्याण्णव. दोघांची बेरीज चारशे. लीप वर्ष धरूनही रात्री ३६६.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. दोघांनीही स्वतःला आठवलेल्या रात्री धरल्या होत्या, आणि ज्या रात्री मुलगी समोरच्याकडे होती त्या आपल्या खात्यातून वजा करायला दोघंही विसरले होते.

आता मोजणी. १ जानेवारी २०२४ हा सोमवार होता. आठवडे त्या दिवसापासून सुरू, पहिला आईचा, दुसरा बाबांचा, असे ५२ आठवडे म्हणजे ३६४ रात्री, प्रत्येकी १८२. उरल्या ३० आणि ३१ डिसेंबरच्या दोन रात्री, त्या त्रेपन्नाव्या आठवड्यातल्या, म्हणून आईच्या. ३१ डिसेंबरच्या रात्री झोपून मूल १ जानेवारीला उठतं, पण रात्र ज्या वर्षात सुरू झाली त्या वर्षाची धरतात. म्हणजे ॲग्रीमेंट तंतोतंत पाळलं असतं तर आई १८४, बाबा १८२. सम वर्षाचा हक्क मिळालेला बाप लीप वर्षाच्या जास्तीच्या रात्रीमुळे आधीच दोन रात्रींनी मागे होता. ॲग्रीमेंट लिहिताना हे कोणीही मोजलेलं नसतं.

पण तंतोतंत काहीच पाळलं जात नाही. २४ जून ते ४ ऑगस्ट असे सहा आठवडे मुलगी भारतात होती. बाबा तिला घेऊन गेले, पहिले दोन आठवडे पुण्यात तिच्याबरोबर राहिले आणि परत आले. पुढचे दोन आठवडे ती पुण्यातच बाबांच्या आईवडिलांकडे. मग दोन आठवडे कोल्हापूरला आईच्या माहेरी, त्यातल्या शेवटच्या आठवड्यात आई तिथे पोचली आणि तिला घेऊन आली.

त्याने हे सहाही आठवडे स्वतःचे धरले होते. तिकीट त्याचं, पुणं त्याचं, सुट्टीची कल्पना त्याची. तिने अमेरिकेबाहेरच्या सुट्टीने काही बदलत नाही असं धरून ॲग्रीमेंटप्रमाणे निम्मे निम्मे केले होते. दोघंही चूक.

मूल पालकाच्या घरी झोपलं, मग तो पालक त्या रात्री घरात असो वा नसो, तर ती रात्र त्याची. घराबाहेर कुठेही पण पालकाच्या सोबत झोपलं, तरी त्याची. म्हणून बाबा पुण्यात होते ते दोन्ही आठवडे बाबांचे, जरी त्यातला दुसरा आठवडा ॲग्रीमेंटप्रमाणे आईचा होता. आणि मूल दोघांपैकी कोणाकडेच नसेल, आजीआजोबांकडे, मैत्रिणीकडे, कॅम्पला, तर ती रात्र अशा पालकाची की ज्याच्याकडे ते त्या रात्री एरवी असतं. म्हणजे पुन्हा वेळापत्रकाकडे बघायचं. पुण्याच्या आजीकडचा एक आठवडा त्यामुळे बाबांचा आणि एक आईचा. कोल्हापूरचा पहिला आठवडा बाबांचा, दुसरा आईचा, आणि त्या दुसऱ्यात ती स्वतःच तिथे होती.

हे तिला कळलं तेव्हा तिने विचारलं होतं, "माझ्या आईच्या कुशीत झोपली होती, आणि रात्र त्याची?" हो. तशीच त्याच्या आईच्या घरातली एका आठवड्याची झोप तिच्या खात्यात आली.

सगळं धरून भारतवारीत एकच आठवडा इकडून तिकडे गेला. सात रात्री. बाबा १८९, आई १७७.

मग त्याचे कामाचे दौरे. कंपनी त्याला टेक्सासला, डॅलसला पाठवते. त्याच्या आठवड्यात दौरा आला की मुलगी आईकडे. त्याने ऑफिसच्या एक्सपेन्स रिपोर्टमधून हॉटेलची बिलं काढून दिली. वर्षभरात चार दौरे, नऊ रात्री. "पण माझ्या आठवड्यातच ना त्या? आजीकडच्या आठवड्याच्या रात्री माझ्या, तर या का नाहीत?" प्रश्न रास्त होता. आजीकडे असताना ती दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. दौऱ्याच्या रात्री ती आईकडे, आईच्या घरात झोपली होती, तिथे अंदाज करण्यासारखं काही नाही. त्याची आई त्या दिवसांत इथे आलेली असती आणि मुलगी बाबांच्याच घरात आजीजवळ झोपली असती, तर त्याच रात्री त्याच्या झाल्या असत्या. नऊ वजा. बाबा १८०, आई १८६.

आणि गौरी-गणपती. २०२४ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती, त्याच्या आठवड्यात. त्याच्याकडे गौरी असतात. सोमवारी ९ तारखेला मुलीने आईकडे जायचं होतं, पण गौरींचं आवाहन १०ला, पूजन ११ला आणि विसर्जन १२ला. तिने आपणहून निरोप पाठवला की राहू दे तिला, विसर्जन झाल्यावर आण. ९, १० आणि ११च्या रात्री ती बाबांकडे राहिली. तिच्या टॅक्सवाल्याचं म्हणणं, त्या सणासाठी दिलेल्या रात्री, त्या कशाला मोजायच्या? मोजायच्या. प्रेमाने दिलेली रात्रसुद्धा जिथे झोपली तिथलीच. मला इथे लिहायला जड जातं, पण अशा हिशेबाच्या भीतीनेच पुढच्या वर्षी कोणीतरी "नको, ठरलेल्या वेळी आण" म्हणतं, आणि पोरीच्या गौरी चुकतात.

तीन मिळवल्या. बाबा १८३. आई १८३.

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत बरोबर निम्म्यावर आलेलं कॅलेंडर मी पहिल्यांदा पाहत होते. ३६५ दिवसांच्या वर्षात सगळ्या रात्री दोघांतच वाटल्या गेल्या तर हे होऊच शकत नाही. अशा बरोबरीत ज्याचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम जास्त तो कस्टोडियल पालक धरतात. म्हणजे तो. मग फॉर्म ८३३२ची गरज नाही, तिच्या सहीची गरज नाही. पण हेड ऑफ हाउसहोल्डसाठी (घर चालवणाऱ्या एकट्या पालकाला कमी टॅक्स लावणारा दर्जा) मूल "निम्म्याहून जास्त" वर्ष घरात असावं लागतं आणि १८३ म्हणजे नेमकं निम्मं, त्यामुळे तो दर्जा तिच्या हातून गेला असता आणि त्याच्याही हाती आला नसता.

तो खूश झाला. मी झाले नाही. नऊ रात्रींचा आधार फक्त हॉटेलची बिलं होती, आणि बिल नसलेली रात्र या यादीत दिसणारच नव्हती. एका रात्रीवर दोन रिटर्न फिरणार असतील तर दुसरी बाजू बघितल्याशिवाय मी सही करत नाही. आईच्या टॅक्सवाल्याला विचारलं, तिच्याकडे काही लिखित आहे का? दोन दिवसांनी फोटो आले. मुलीच्या शाळेचे रीडिंग लॉग.

इथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या आईबाबांना हा कागद ठाऊक आहे. रोज रात्री वीस मिनिटं वाचायचं. तारीख, पुस्तक, पान कितीपासून कितीपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात पालकाची आद्याक्षरं. सप्टेंबर ते डिसेंबरची पानं तिने जपून ठेवली होती. बहुतेक ठिकाणी मुलीने पेन्सिलीने पुस्तकाचं नाव लिहिलेलं, अक्षर तिरकं, खाली कुठेतरी हॉट चॉकलेटचा डाग. मी तारखा एकेक करून कॅलेंडरशी ताडल्या. ९, १० आणि ११ सप्टेंबरला बाबांची आद्याक्षरं होती. गौरींच्या तीन रात्री पक्क्या झाल्या, तिच्याच कागदावरून. मग डिसेंबर. १०, ११ तारखेला आईची; तो तेव्हा डॅलसला होता, बिलं होती. १२ डिसेंबर, गुरुवार. आठवडा बाबांचा. आद्याक्षरं आईची.

त्याला फोन केला. बारा डिसेंबरला कुठे होतास?

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फ्लाइट रद्द झाली होती. सकाळच्या पहिल्या विमानाची सीट मिळाली. हॉटेल घेतलंच नाही, गेटपाशी कोट उशाला घेऊन पडलो होतो. तिला फोनवर गुडनाइट म्हटलं होतं, ताई."

हॉटेल घेतलं नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून रात्र नाही. फोनवरचं गुडनाइट कायदा धरत नाही. बाबा १८२, आई १८४. कस्टोडियल पालक आई.

म्हणजे तिने फेब्रुवारीत भरलेलं रिटर्न फेडरल कायद्याप्रमाणे बरोबर होतं, आणि तरी ॲग्रीमेंटमधला शब्द तिने मोडला होता. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे दोघांना समजावण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. तो ॲग्रीमेंटचं पान जोडून कागदी रिटर्न पाठवता, तर पुढे काय झालं असतं? दोघांनाही सीपी८७ए नावाचं पत्र आलं असतं, की तुमचा डिपेंडंट आणखी कोणीतरी दाखवला आहे, तपासून बघा. दोघंही हटले नसते तर तपासणी. शाळेचं आणि डॉक्टरांचं पत्र, लेटरहेडवर, मुलीचं नाव, पालकाचा पत्ता आणि तारखा असलेलं, मागितलं गेलं असतं, आणि ते सगळे कागद आईच्या पत्त्याचे आहेत. मुलीमागचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून वजा होणारी रक्कम, व्याजासकट परत गेलं असतं. नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष केलं असं ठरलं तर दोन वर्षं ते क्रेडिटच मागता येत नाही, लबाडी ठरली तर दहा वर्षं.

उपाय सरळ होता. तिने २०२४पुरता फॉर्म ८३३२ सही करून द्यावा, जसं ॲग्रीमेंटमध्ये ठरलं आहे. चाइल्ड सपोर्टची थकबाकी नव्हती, अट पूर्ण होती.

तिने नाही म्हटलं.

मग आम्ही चौघं एका व्हिडिओ कॉलवर बसलो. ती सुरुवातीला माझ्याशी फार तुटक बोलली. तिचा राग क्रेडिटच्या दोन हजार डॉलरसाठी नव्हता. "ताई, सही केली की कागदावर ती त्याची झाली ना? वर्षभर डबे मी भरते, ताप आला की शाळा मला फोन करते. आणि सरकारच्या दप्तरात मूल त्याचं?" आणि दुसरी भीती, कोणीतरी तिला सांगितलं होतं की सही केली की हेड ऑफ हाउसहोल्ड जातं.

"क्लेम" या शब्दाने आपल्या लोकांचं फार नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. मराठीत क्लेम म्हटलं की दावा ऐकू येतो, मालकी ऐकू येते. प्रत्यक्षात फॉर्म ८३३२ने फार थोडं हलतं. चाइल्ड टॅक्स क्रेडिट, २०२४साठी एका मुलामागे २,००० डॉलर, आणि मूल त्या क्रेडिटमध्ये बसत नसेल तर ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट. डिपेंडंटमागची जुनी वजावट २०१८पासून शून्य आहे. हेड ऑफ हाउसहोल्ड जात नाही. पाळणाघराच्या किंवा आफ्टरकेअरच्या खर्चाचं क्रेडिट जात नाही. कमी उत्पन्नवाल्यांचं अर्न्ड इन्कम क्रेडिट जात नाही. हे सगळं रात्रींशी बांधलेलं आहे आणि कस्टोडियल पालकाला ते सहीने दुसऱ्याला देताही येत नाही.

तिच्या टॅक्सवाल्याने स्क्रीनवर आकडे मांडले. हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून तिची स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) २१,९०० डॉलर, सिंगल म्हणून असती १४,६००. दरांचे टप्पेही वेगळे, त्यामुळे तिच्या उत्पन्नावर सुमारे ९७५ डॉलर टॅक्स वाचतो. आफ्टरकेअरच्या ३,००० डॉलरवर २० टक्क्यांनी ६००. हे दोन्ही तिचंच राहणार होतं. तो कितीही सम वर्षांचा धनी असला तरी यातलं काहीही मागू शकत नव्हता, आणि तसा त्याने स्वतःच्या पहिल्या रिटर्नवर हेड ऑफ हाउसहोल्डचा चौकोन टिचकीसरशी भरून ठेवला होता. तो मी काढायला लावला. मुलीच्या रात्री कमी, म्हणून तो सिंगल.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ती माझ्या रिटर्नवर दिसेल?" दिसेल, हेड ऑफ हाउसहोल्डच्या खाली, नावानिशी. तेवढं ऐकल्यावर सहीची तयारी झाली.

फॉर्मचा पहिला भाग चालू वर्षासाठी, दुसरा पुढच्या वर्षांसाठी, तिसरा दिलेला हक्क मागे घेण्यासाठी. त्याने इंटरनेटवरून जो छापून आणला होता त्यात दुसरा भागही भरलेला होता, "सर्व पुढील वर्षे". कोणीतरी ओळखीच्याने सांगितलं होतं की एकदाच करून टाक. तो माझा क्लायंट आहे, तरी मी तो कागद फाडला. तशी सही तिने नजरचुकीने केली असती तर विषम वर्षंही गेली असती. हक्क मागे घेता येतो, पण २०२५मध्ये कळवलं तर तो २०२६पासून लागू होतो. मधलं वर्ष जातं. नवा फॉर्म, फक्त पहिला भाग: मुलीचं नाव, २०२४, आईची सही, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर, तारीख. मूळ प्रत त्याच्याकडे, फोटोकॉपी तिच्याकडे.

१५ एप्रिलच्या आत तिने १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरून २,००० डॉलर परत केले. मुदतीच्या आत केल्यामुळे व्याज नाही, दंड नाही. त्याच्या रिटर्नला मुलीचा नंबर आधीच वापरल्याचा अडथळा अजून होताच. २०२४च्या रिटर्नपासून आयआरएसने एक सोय केली आहे: भरणाऱ्याने स्वतःचा आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन दिला तर असं दुसरं रिटर्नही ई-फाइलने जातं. त्याने आयआरएसच्या खात्यातून पिन काढला, आम्ही फॉर्म ८३३२ पीडीएफ म्हणून जोडला, आणि रिटर्न त्याच संध्याकाळी स्वीकारलं गेलं.

या निमित्ताने दोन गोष्टी, कारण त्या मला वारंवार विचारल्या जातात. एक, एकट्याने रिटर्न भरणाऱ्याचं उत्पन्न २,००,०००च्या वर गेलं की चाइल्ड टॅक्स क्रेडिट दर हजारामागे ५० डॉलरने आटतं. २०२४च्या २,००० डॉलरच्या हिशेबात २,४०,०००ला ते एका मुलासाठी शून्य होतं. आयटीतल्या कितीतरी वडिलांनी "सम वर्ष" मिळवण्यासाठी वकिलाला तासाचे पैसे मोजले आहेत आणि हाती शून्य आलं आहे. दोन, एच-४वर (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या आया. मूल इथे जन्मलेलं, त्याला नंबर आहे, पण २०२५पासून क्रेडिट मागणाऱ्या पालकालाही नोकरीसाठी ग्राह्य असा स्वतःचा नंबर लागतो. रात्री सगळ्या आईच्या असूनही तिला ते मागता येत नाही. अशा वेळी तिने वडिलांना फॉर्म ८३३२ देणं आणि त्या रकमेतला वाटा ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेणं, हे मी तिच्या वकिलाला आवर्जून सांगते. नाहीतर क्रेडिट दोघांनाही मिळत नाही.

हे दोघं आता फोनवर एक सामायिक कॅलेंडर ठेवतात. रोज रात्री जो कोणी तिला झोपवतो तो एक अक्षर टाकतो, आ किंवा बा. महिनाअखेरीला वाद असेल तर तेव्हाच मिटवायचा, मार्चमध्ये नाही.

२०२५च्या रात्री मोजल्या तेव्हा बाबा १८६, आई १७९ निघाले. ३६५ दिवसांचं वर्ष, बरोबरी नाहीच. आईला कामासाठी बाहेर जावं लागलं होतं. वर्ष विषम, म्हणजे ॲग्रीमेंटप्रमाणे क्रेडिट आईचं, आणि २०२५ला ते २,२०० डॉलर आहे. कस्टोडियल पालक मात्र बाबा. हेड ऑफ हाउसहोल्ड या वेळी त्याचं, घराचा निम्म्याहून जास्त खर्च तो करतोच. तिला क्रेडिट हवं तर सही त्याने करायची.

जानेवारीत तो ऑफिसात आला, अपॉइंटमेंट न घेता. फॉर्म घरूनच भरून आणला होता. मी दुसरा भाग तपासला, कोरा होता. माझ्यासमोर सही केली, तारीख सवयीने आधी दिवस, मग महिना अशी घातली, खोडली, आणि मग म्हणाला, खाडाखोड नको, तिला शंका येईल. मी नवा फॉर्म छापून दिला.